आधी मागचे पाय

बैल उठतो तेव्हा आधी मागून उठतो. पुढचे गुडघे जमिनीला टेकलेलेच राहतात, मागचा भाग वर येतो, घडीभर तो देवापुढं वाकल्यासारखा दिसतो, आणि मग एकेक करून पुढचे पाय सरळ होतात. घोड्याचं उलटं. तो आधी पुढून उठतो. हे मला शाळेत कोणी शिकवलं नाही. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो आणि चौथीही पुरती केली नाही. पण सगळी उमर ढोरांच्या मागं चाललो. म्हणून चित्रांचा सिनेमा चांगला की फालतू, हे ओळखायची माझी पहिली खूण हीच. त्यात गाय किंवा बैल असला तर तो बसून उठेपर्यंत मी थांबतो. मागून उठला तर पुढचं पाहतो. पुढून उठला तर टीव्ही बंद.

हो, मी कार्टून पाहतो. सत्तरी केव्हाच ओलांडली, डोक्यावर टोपी आहे, घरात सून आहे, आणि रोज दुपारी मी कार्टून पाहतो. आमचं गाव मुकुटबनकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. तिथल्या पानठेल्यावर बसणारे मला विचारतात, "काय बाबाजी, आज कोणतं कार्टून?" त्यांना वाटतं बुडा खजील होईल. मी उभा राहून अख्खी गोष्ट सांगतो. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता त्यांचे हात थांबतात. अर्ध्यात आणून सोडतो आणि घरी निघून येतो. मागून हाक आली तरी वळून पाहत नाही.

लिहायला बसलो याचं कारण मात्र पानठेला नाही. कारण माझा साळा. त्यानं या कार्टूनवरून मला माझ्याच घरात चारचौघांत बोल लावला आणि माझी बायको माझ्यापासून उचलून न्यायला निघाला. ते कसं झालं आणि पुढं काय झालं हे मी माझ्या तोंडानं सांगितलं नाही तर दुसरे सांगतील, आणि वाईट सांगतील.

मागच्या थंडीत कापूस वेचता वेचता बुडी, म्हणजे माझी बायको, ओळीतच खाली बसली. मला वाटलं काटा लागला. जवळ गेलो तर तोंड एका बाजूला ओढलेलं. यवतमाळच्या दवाखान्यात वीस दिवस काढले. घरी आणली तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलेलं होतं. समज मात्र शाबूत. डाळीत मीठ कमी असलं तर डाव्या हाताच्या बोटानं ताट सरकवून द्यायची. तिची खाट आम्ही समोरच्या खोलीत टाकली. तिथून रस्ता दिसतो, आणि टीव्हीही तिथंच आहे.

दुपारी मुलगा आणि सून शेतात. घरात आम्ही दोघं. सुरुवातीला मी मालिका लावून द्यायचो, आधी तिला आवडायच्या म्हणून. पण मालिकेत एक बाई दुसरीकडं नुसती पाहते तरी तीन वेळा वीज कडाडते. बुडी दचकायची, रडायची. बातम्या लावल्या तर चार माणसं एकदम बोंबलतात. तिला स्वतःला एक शब्द निघत नाही आणि समोर माणसं शब्दांचा असा नास करून राहिली, हे तिला सोसत नसावं. ती तोंड भिंतीकडं फिरवायची.

नात यवतमाळला कॉलेजात आहे. दिवाळीत आली तेव्हा तिनं स्वतःसाठी काही चित्रांचे सिनेमे त्या टीव्हीत साठवून ठेवले होते. एका दुपारी बटणं दाबता दाबता मी तिथं पोचलो. पहिल्याच चौकटीत एक तांबडा बैल होता, एक शिंग थोडं वाकलेलं. बैल दिसला म्हणून दाबलं. दुसरं काही कारण नव्हतं.

कुठल्या मुलखाचा सिनेमा होता ठाऊक नाही. डोंगराचा होता. एक म्हातारा आपला एकुलता बैल घेऊन डोंगर उतरतो. खाली दूर त्याची लेक राहते, तिच्या दारात बैल बांधून द्यायचा आहे, कारण म्हाताऱ्याच्यानं आता चारा होत नाही. एवढीच गोष्ट. पूर्ण सिनेमात कोणी एक शब्द बोलत नाही. वाटेत पाऊस लागतो, पूल वाहून जातो, दोघं एका झाडाखाली बसतात. म्हातारा पेंगतो. पाऊस थांबतो. आणि बैल उठतो.

मी तोवर सुपारी कातरत होतो. अडकित्ता तसाच राहिला. आधी मागचे पाय. मग तो थोडा थांबला, जसे ते थांबतात, अंगाचं वजन तोलून पाहतात. मग डावा गुडघा, मग उजवा. आणि उठल्यावर अंग झाडलं, तर पाठीवरचं कातडं थरथरून पाणी उडालं. मी बुडीकडं पाहिलं. ती माझ्याकडंच पाहत होती. डाव्या हाताची दोन बोटं तिनं खाटेवर टेकवली आणि मागून वर केली. तिलाही दिसलं होतं.

त्या दिवसापासून दुपार आमची झाली.

आता हे सिनेमे मोठे कशानं होतात ते सांगतो. शिकलेले लोक काय सांगतात मला माहीत नाही. मला जे दिसलं ते हे. शेतात गवत आपोआप उगवतं. तुम्ही नको म्हटलं तरी उगवतं. खऱ्या माणसांच्या साध्या सिनेमातही तसंच असतं. मागं एखादी बादली पडलेली असते, कुत्रं जातं, कोणाच्या ध्यानात नसतं. पण चित्रांच्या सिनेमात काहीच आपोआप उगवत नाही. कोपऱ्यात एक काडी दिसली तर ती कोण्या माणसानं बसून काढलेली असते. बादली असली तर बादली हवी असं कोणीतरी ठरवलेलं असतं. म्हणजे तिथं आळस लपत नाही. ज्यानं बैलाचं कातडं थरथरवलं, त्यानं कधी तरी गोठ्याच्या दारात उभं राहून माशी बसलेला बैल पाहिला असेल. ते न पाहता काढता येत नाही. हे मी पैजेवर सांगतो.

दुसरा आमच्या आवडीचा होता तो एका बेटावरच्या धोबिणीचा. ती ढग धुते. मळके ढग खाली येतात, ती दगडावर आपटते, पिळते आणि दोरीवर टाकते. ऐकायला खुळ्यासारखं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण ढग पिळताना ती बाई कशी उभी राहते ते पाहा. पाय फाकवून, कमरेतून. आणि पिळून झाल्यावर कमरेवर मागून हात ठेवते आणि तोंड थोडं उघडं ठेवून श्वास सोडते. खोटं काम आणि खरी कंबर. आमच्या बुडीनं सगळी उमर नाल्यावर कपडे धुतले. ती त्या जागी दर वेळी स्वतःचा श्वास सोडायची. वजन दिसलं पाहिजे, हे मी त्या सिनेमातून शिकलो. पात्र हवेत उडालं तरी चालेल, पण उतरेल तेव्हा पायाखालची फांदी वाकली पाहिजे.

वाईटही भरपूर पाहिले. एकात सगळी जनावरं माणसांसारखे दात काढून हसत होती आणि दर पाच मिनिटांनी नाचत होती. त्यातली गाय बसली आणि पुढून उठली. मी टीव्ही बंद केला. बुडीनं खाटेची पाटी थोपटली. मी म्हटलं, "चुकीचं हाये ते." तिनं पुन्हा थोपटलं, जोरात. मग लावावंच लागलं. थोड्या वेळानं त्यात एक आजी आली आणि नातीची वेणी घालायला बसली. केसांत गुंता होता. आजीनं फणी ओढायच्या आधी दुसऱ्या हातानं केस मुळाशी धरले, पोरीला दुखू नये म्हणून. बुडीनं माझ्याकडं असं पाहिलं की मी दुसरीकडं पाहायला लागलो. गाय ज्यानं काढली त्यानं गाय पाहिली नव्हती, पण आजी ज्यानं काढली त्याला कोण्या आजीनं विंचरलं होतं. तेव्हापासून बंद करायच्या आधी मी तिला विचारतो. माझी खूण खोटी नाही, पण ती एकट्या माझी आहे.

आता साळ्याचं. बायकोचा धाकटा भाऊ. केळापूरला राहतो. भजनात पेटी वाजवतो, पाचपन्नास माणसं त्याचा शब्द मानतात, आणि त्याची बैलजोडी त्या भागात नावाजलेली आहे. ट्रॅक्टर दारात असूनही बैल ठेवतो, हे मला त्याचं आवडतं. बाकी फारसं नाही.

तो बहिणीला भेटायला आला तेव्हा आमचा बैलाचाच सिनेमा चालू होता. सोबत त्याची बायको आणि आणखी दोन बाया होत्या. आमच्याकडं आजारी माणसाला भेटायला येतात तेव्हा बाया पदर डोक्यावर घेऊन पायथ्याशी बसतात, च् च् करतात, आणि आजारी माणूस तिथं नसल्यासारखं त्याच्याबद्दल बोलतात. तसं चालू झालं. बुडी त्यांच्या खांद्यांच्या मधून मान तिरपी करून टीव्हीकडं पाहत होती.

"भाऊजी, हे काय लावून ठेवलं?" साळा म्हणाला.

"सिनेमा."

"हा सिनेमा? हे तं लेकरायचं कार्टून हाये."

"लेकरायचं कसं? यात एक तरी लेकरू दिसते का तुले?"

"बाई अंथरुणाले खिळली, बोलणं गेलं, अन् तुमी तिले बैल दाखवून राह्यले. या वयात कानावर देवाचं नाव पडलं पायजे."

"देवाशी माहं भांडण नाई. सकाळी सून तिच्या उशाशी बसून आरती म्हणते. दुपार तिची हाये."

"तिची का तुमची?"

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. सुचलं नाही हे मी इथं लिहून ठेवतो, कारण ते खरं आहे. ती बोलत नव्हती. तिला काय पाहिजे ते मीच ठरवत होतो, मीच बटण दाबत होतो. बाया माझ्याकडं पाहत होत्या. मी म्हटलं, "चहा घेता का कोणी?" आणि आत गेलो. घरात चहा करणारं माझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तेवढा तरी आडोसा मिळाला.

जाताना त्यानं एक भजनाचा डबा ठेवला. हाताच्या पंजाएवढा, बटण दाबलं की दिवसभर भजनं गातो. मी तो फेकला नाही. सकाळी लावायचो. बुडी डोळे मिटून ऐकायची. पण दुपारचं जेवण झालं की डोळे उघडायचे आणि टीव्हीकडं जायचे. ते जायचे, हे मला दिसत होतं. पण साळ्याचा प्रश्न कानात बसला होता. मलाच तर असं दिसत नाही ना, असं वाटायचं. मग मी आणखी हट्टाला पेटलो. एक दिवस टीव्हीचं तोंडच दाराकडं फिरवलं. रस्त्यानं जाणाऱ्या सगळ्या गावाला दिसू दे, आम्ही काय पाहतो ते. खाटेवरून थपथप आवाज आला. आता बुडीलाच दिसत नव्हतं. तोंड पुन्हा फिरवलं आणि गुपचूप खाली बसलो.

पोळा आठ दिवसांवर आला तेव्हा साळा पुन्हा आला. या वेळी मुलाशी आधी बोलून आला होता, हे मुलाच्या चेहऱ्यावरून कळलं.

"पोळ्याले बाईले माहेरी नेतो," साळा म्हणाला. "आमच्या घरी बाया हायेत. रोज भजन हाये. तुमच्या घरी दिवसभर कोणी नसते."

"मी कोणी नाई का?"

"बाबा," मुलगा म्हणाला, "मामा चुकीचं नाई म्हणून राह्यले. लोक बोलतात. बुडी मराले टेकली अन् बुडा कार्टून पाहून हासते म्हणतात."

"कोण मराले टेकली?"

मुलानं खाटेकडं पाहिलं. खाटेवरून त्याची आई त्याच्याकडं पाहत होती.

"अन् लोकायच्या घरात माह्या टीव्हीचं बटन हाये का?"

"बाबा, तसं नाई..."

"तसंच हाये. तिले विचारलं कोणी? येतं का म्हणून?"

"तुमी विचारलं होतं का," साळा शांतपणे म्हणाला, "हे पाहतं का म्हणून?"

पेटी वाजवणारा माणूस. नेमकी पट्टी दाबतो. ठरलं, पोळ्याच्या दिवशी तो आपले बैल सकाळी सजवून स्वतःच्या मुलाच्या हवाली करणार आणि दुपारी गाडी घेऊन येणार. मी "हो" म्हटलं नाही. पण मला कोणी विचारलंही नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जुवाखाली घासलेल्या त्या जागी तूप-हळद लावून पळसाच्या पानानं चोळतात, आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. हे काम गड्यामाणसाचं. पण आमच्या घरी ते बुडीच करायची. आमचा एक बैल माझ्या हाताला उभाच राहायचा नाही. वर्षभर मीच त्याला जुवाला लावायचो, मग त्याला माझा हात आवडावा तरी कसा? तिचा हात लागला की मान खाली घालायचा. ते बैल आता नाहीत. एक म्हातारपणानं गेला, दुसरा त्याच्यामागं चार महिन्यांत. त्यानंतर आम्ही वखरणी ट्रॅक्टरनं करून घेतो. गोठ्यात खुंटे आहेत, त्यांना दोऱ्या नाहीत.

त्या दुपारी गावात घुंगरं वाजत होती. लोक नाल्यावरून बैल धुऊन आणत होते. आमच्या दारावरून दोन जोड्या गेल्या. बुडी मान वळवून पाहत राहिली. मी आमचा सिनेमा लावला. तिला उद्या नेणार, मग आज तरी तिच्या आवडीचा. का माझ्या, ते देव जाणे.

झाडाखाली बैल बसला. उठला. अंग झाडलं. तेवढ्यात बुडीनं पाटी थोपटली. मी सिनेमा थांबवला. बैल पडद्यावर उभा राहिला, खांदा आमच्याकडं करून.

"काय पायजे? पाणी?"

तिनं मान हलवली. डाव्या हाताचा पंजा वाटीसारखा केला. मग त्यात बोट फिरवलं.

"औषध?"

तिनं डोळे मिटले. मी चुकलो की ती असंच करते, लग्न झालं तेव्हापासून. मग तिनं तोच हात समोर टीव्हीकडं केला आणि हवेतच चोळल्यासारखा फिरवला. गोल. सावकाश. अंगठ्यानं दाबत.

मला कळलं.

मग स्वयंपाकघरात गेलो. तूप सापडलं, हळदीचा डबा सापडला. वाटीत कालवलं. पळसाचं पान मागच्या कुंपणाजवळून तोडून आणलं. वाटी तिच्यापुढं धरली. तिनं डाव्या हाताची बोटं बुडवली. पण तिचा हात टीव्हीपर्यंत पोचत नव्हता, आणि खाट माझ्याच्यानं सरकत नव्हती. मग तिनं बोटं माझ्या तळहाताला पुसली आणि त्या हाताला पुढं ढकललं. मी गेलो आणि त्या बैलाच्या खांद्यावर तूप-हळद लावली. काच थंड होती. चोळायला गेलो तर बोट घसरत होतं. मागं वळून पाहिलं तर तिचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. पण दरवर्षी ती किती वेळ आवतण देते ते मला माहीत आहे, आणि ओठ तेवढाच वेळ हलले.

संध्याकाळी मुलगा आला. म्हणाला, "हे पिवळं काय हाये?"

"खांदा शेकला."

"कोणाचा?"

मी बोट दाखवलं. तो माझ्याकडं पाहत राहिला, मग आईकडं. फडकं शोधायला लागला. मी टीव्हीच्या आडवा उभा राहिलो आणि म्हटलं, "फडकं लागलं तं हे घर माहं हाये हे ध्यानात ठेव." मुलाशी मी असं कधी बोललो नव्हतो. सून दारात उभी होती.

दुसऱ्या दिवशी तिनं पुरणपोळी केली. गावातल्या बैलांसाठी असते तशी, थोडी जाड. आणि दुपारी एक छोटं ताट आणून टीव्हीपुढं ठेवलं.

मी म्हटलं, "अवो, हे काय?"

"मामाजी, आवतण देल्लं तं जेवाले वाढा लागते ना," ती म्हणाली आणि हात पुसत आत गेली.

साळा आला तो याच वेळी. बाहेर गाडी लावली, आत आला. कपाळाला गुलाल, अंगाला बैलांच्या शिंगाच्या रंगाचा वास. त्यानं ताट पाहिलं. काचेवरचा पिवळा डाग पाहिला. मुलानं मान खाली घातली. मला वाटलं आता तोंड सुटेल, आणि मीही कंबर कसून बसलो.

"कोणी केलं?" त्यानं विचारलं.

"तुह्या बहिणीनं."

त्यानं वाकून तो डाग जवळून पाहिला. मग खाटेच्या पायथ्याशी बसला आणि म्हणाला, "लावा. पाहू द्या, कोण्या बैलाले लावलं ते."

मी पहिल्यापासून लावला. म्हातारा डोंगर उतरायला लागला. साळ्यानं मान पुढं काढली. मग सुरू झाला.

"वेसण कुठं हाये याची?"

"त्याईच्या मुलखात नसन."

"बिनावेसणीचा एवढा बैल बुडा कसा नेते?"

"नेते ना. दिसून राह्यलं ना."

"शिंग बरोबर काढलं. घासल्यावर असंच वाकते." मग थोडं थांबून, "भाऊजी, हा बैल रस्त्याच्या मधून काहून चालत नाई?"

"म्हणजे?"

"पाहा ना. सारखा डाव्या अंगानं चालते. उजवीकडं जागा सोडते. एवढा मोकळा रस्ता, तरी कडेनं." त्यानं पुढं सरकून बोट दाखवलं. "हा एकटा बैल नाई होय. जोडीतला हाये. डावीकडचा. याचा जोडीदार मेला, अन् हा अजून त्याची जागा सोडून चालते."

मी तो सिनेमा तोवर किती वेळा पाहिला असेल याची गणती नाही. मला हे दिसलं नव्हतं. मागचे पाय दिसले, कातडं दिसलं, पण ही मोकळी जागा दिसली नव्हती. सिनेमात कोणी सांगत नाही. एकच खुंटा, एकच घंटा. पण काढणाऱ्यानं पहिल्या पावलापासून ती जागा सोडलेली होती. मी बुडीकडं पाहिलं. तिनं डोळे मिटले. मला बारा महिने काय दिसत नाही, याची तिला सवय आहे. तिला हे पहिल्या दिवशीच कळलं असणार.

मला राग आला. साळ्याचा आला, आणि त्याहून जास्त आनंद झाला, म्हणून आणखी राग आला.

सिनेमा झाडापाशी आला. साळ्याला बहुतेक आपण कशाला आलो ते आठवलं. तो उठला. बहिणीच्या समोर, टीव्हीकडं पाठ करून उभा राहिला. आवाज बारीक करून म्हणाला, "बाई, गाडी आणली. येतं का माह्यासंग केळापूरले? घर तुहंच हाये. सांग, येतं का?"

मला तिचा चेहरा दिसत नव्हता, साळा मध्ये होता. त्याचा प्रश्न मला आठवला, तिची का तुमची. आता जे व्हायचं ते होऊ दे, असं मी मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर तसं म्हटलं नाही. माझा हात खाटेच्या पाटीवर होता, ती मी गच्च धरली.

बुडीनं डावा हात उचलला आणि बोटं हलवली. साळ्याला वाटलं बोलावते. तो आणखी जवळ सरकला, वाकला. तिनं त्याच्या गुडघ्याला पंजा लावला आणि ढकललं. जोर नव्हता त्यात, पण ढकलणं होतं. तो न कळल्यासारखा उभाच. तिनं पुन्हा ढकललं आणि मान तिरपी करून त्याच्या कमरेच्या बाजूनं पलीकडं पाहायला लागली.

सुनेनं तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते.

साळा बाजूला सरकला. मागं पडद्यावर पाऊस थांबला होता. बैल उठला. आधी मागचे पाय, मग डावा गुडघा, मग उजवा. त्याचा खांदा वर वर येत बरोबर त्या पिवळ्या डागाखाली येऊन थांबला.

"आता उठला," साळा हळूच म्हणाला आणि पुन्हा पायथ्याशी बसला. गाडीचं त्यानं नावही काढलं नाही. सिनेमा संपेपर्यंत बसला, पुरणपोळी खाल्ली आणि बैल वाट पाहत असतील म्हणून निघाला. दारात चप्पल घालताना माझ्याकडं न पाहता म्हणाला, "पुढच्या वर्षी तो जुवाच्या डाव्या अंगाचा हाये हे धरून चोळा. उजवा खांदा घासते त्याचा."

भजनाचा डबा आमच्याकडंच आहे. सकाळी वाजतो. काचेवरचा डागही आहे. मुलगा अजून म्हणतो, बाबा, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. मी ऐकत नाही. धोबीण येते तेव्हा तो डाग तिच्या दोरीवर येतो. बाकी सिनेमांत झाडावर येतो, कोणाच्या तोंडावर येतो, आणि त्यानं कोणाचं काही बिघडत नाही. पानठेल्यावर मी तेही सांगितलं आहे. ज्याला हसायचं त्यानं हसावं. दुपारी आमचं दार उघडं असतं, आत या, बसा, पण खाटेच्या आणि टीव्हीच्या मध्ये उभं राहू नका.